मी वाचवलेला नावाडी

"हात दे बघू."

सिस्टर दुकानात शिरल्या की नमस्कार नाही, कसं काय नाही, आधी हे वाक्य. मग समोर मी असो, लग्नपत्रिका छापायला आलेला एखादा पावणा असो नाहीतर अर्ज टाईप करून घ्यायला आलेली शेजारीण असो, त्याचं मनगट सिस्टरांच्या तीन बोटांत गेलेलं असायचं. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. आपण काही बोलायला गेलो तर त्या मोकळ्या हातानं गप्प बसायची खूण करायच्या. मोजून झालं की म्हणायच्या, "ब्याऐंशी. आता हे वाच."

आणि पिशवीतून चार पानं काढून पुढ्यात टाकायच्या. त्या पानांवर त्यांच्या रहस्यकथेचा पुढचा भाग असायचा. वाचून झालं की पुन्हा मनगट. ठोके वाढले असतील तर भाग पास. होते तितकेच राहिले तर पानं परत पिशवीत. "न्हाय जमलं. घरी जाऊन परत लिवते," म्हणून त्या उठायच्या. चहा मात्र पिऊनच जायच्या.

माझं शाहूपुरीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, अर्ज, कार्यक्रमांची पत्रकं, जे येईल ते टाईप करून देतो. सिस्टर म्हणजे मिशनच्या एका दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. ख्रिस्ती वसाहतीत एकट्या राहायच्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांच्या चर्चचं एक मासिक निघायचं, त्यात त्या दर महिन्याला क्रमाक्रमानं गोष्ट लिहायच्या. मासिक माझ्याकडे टाईप व्हायचं, म्हणून सिस्टर माझ्या वाट्याला आल्या. माझं नशीब चांगलं, दुसरं काय.

एकदा त्यांनी तालमीतल्या एका पैलवानाला धरलं. तो वाढदिवसाचा बोर्ड करायला आला होता. आधी ठोके अठ्ठावन्न, वाचून झाल्यावरही अठ्ठावन्न. सिस्टरांचं तोंड एवढंसं झालं. गोष्टीत एक बाई विहिरीत लोंबकळत होती आणि दोर उसवत चालला होता, तरी ह्या गड्यावर ढिम्म परिणाम नाही. दोन दिवस त्या फिरकल्याच नाहीत. मग पैलवान बोर्ड न्यायला आला आणि मान खाली घालून म्हणाला, "त्या मावशींना सांगा, माझा चष्मा घरी राहिलाता. लाजंनं बोललो न्हाय."

रहस्यकथा म्हटलं की तुम्हाआम्हाला पिस्तूल, गॉगल आणि काळी गाडी आठवते. सिस्टरांच्या गोष्टीत यातलं काही नसायचं. एखादी अंगणवाडीची बाई गुळाच्या गोदामात कोंडली जायची. एखाद्या म्हाताऱ्याच्या औषधाच्या बाटल्या कोणीतरी बदलत असायचं. आणि अगदी गळ्याशी आलं की त्यांचं माणूस प्रार्थना करायचं. पण आभाळातून उजेडबिजेड पडायचा नाही. कोणीतरी दूध घालायला चाललेला माणूस आवाज ऐकायचा आणि कडी काढायचा, एवढंच. लिहिताना शेवट त्यांनाही माहीत नसायचा. कोण सुटणार, कसं सुटणार, काही नाही. मी चिडवायचो.

"सिस्टर, तुमच्या बाईची प्रार्थना ऐकायला देवाला एवढा उशीर का लागतोय?"

"उशीर कुठला? पहिल्या पानापासनं हाय की तो. हिला अंधारात दिसंना झालाय," त्या म्हणायच्या आणि बशीतला चहा फुंकायच्या.

आम्ही जोतिबाची माणसं. आमच्या घरात गुलाल कधी संपत नाही. पण सिस्टरांनी एवढ्या वर्षांत मला एकदाही धर्मावरून काही ऐकवलं नाही. डोंगरावर निघालो की त्यांचा एकच निरोप असायचा, "येताना चिरमुरं आण. पेढं नको, माझी साखर वाढलीय."

आता नंदाचं सांगतो. नंदा माझी बायको. मासिकाचं प्रूफ तीच तपासायची, कारण माझं शुद्धलेखन देवाच्या भरवशावर. तिला सिस्टरांच्या गोष्टीचं वेड. मग तिच्या पायांवर सूज यायला लागली, तोंड सुजलं, आणि तपासण्या केल्या तेव्हा दोन्ही किडन्या गेल्यात जमा निघाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. एका हातात दोन जाड सुया आणि चार तास हलायचं नाही. मोकळ्या हातात लाल पेन घेऊन ती प्रूफ तपासत पडायची. तिथल्या नर्स म्हणायच्या, ह्या पेशंटला टीव्ही लागत नाही.

सिस्टर दर गुरुवारी दवाखान्यात यायच्या. नंदाच्या मोकळ्या हाताचे ठोके आधी, मग वाचन, मग परत ठोके. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा स्वतःहून हात पुढे करायचा. "माझं पण बघा की सिस्टर." सगळा वॉर्ड त्या चार पानांची वाट बघायला लागला होता.

नंदाची थोरली बहीण जयसिंगपूरला असते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. नंदा पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आक्कानंच तिला वाढवलं. आक्का एक दिवस आली, डॉक्टरांना भेटली आणि म्हणाली, माझी किडनी बघा जुळतीय का. जुळली. सगळ्या तपासण्या नीट आल्या. मी आनंदानं नाचायचा बाकी होतो, आणि नंदानं नाही म्हणून सांगितलं.

"तिनं तिच्या ताटातलं मला घातलं," नंदा म्हणाली. "माझ्यापायी तिचं लग्न चार वर्षं थांबलं. आता तिच्या पोटातलं पण काढून घेऊ व्हय? तिला काय झालं तर मी कुठल्या तोंडानं जगू?"

मी समजावलं, ओरडलो, जेवण टाकलं. मी तापट माणूस आहे, माझ्या समजावण्याचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. आक्का फोनवर रडली. नंदा ढिम्म. तिकडे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हातातली नस कुरकुरायला लागली आहे, हृदयावर ताण येतोय, आता फार थांबता येणार नाही. नंदानं हो म्हणणं, एवढ्यावर सगळं येऊन थांबलं होतं.

अशात सिस्टरांच्या गोष्टीचा नवा भाग आला. गोष्ट पुराची होती. एका मास्तरणीला एका लबाड माणसाचं कारस्थान कळतं आणि तो तिला शाळेच्या माळ्यावर कोंडून बाहेरून कडी लावतो. गावात पाणी चढत असतं. मागच्या भागात पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला टेकलं होतं आणि वॉर्डात सगळ्यांचे ठोके शंभराच्या वर गेले होते. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, म्हणून सिस्टर पानं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवून गेल्या.

माझी कामाची एक वाईट सवय आहे. टाईप करताना मी पुढचं वाचत नाही. डोळा ओळीवर, बोटं कळीवर, एक पान संपलं की दुसरं. तसा बसलो. नावाडी येतो. कौलं फोडून मास्तरणीला बाहेर काढतो. नाव उलटते. नावाडी तिला बाभळीच्या फांदीवर ढकलतो, आणि स्वतः जातो. तिसरं पान संपलं तेव्हा पाण्यावर नुसता त्याचा पटका तरंगत होता.

माझी सटकली. दोन तासांत हे प्रूफ नंदाच्या हातात जाणार होतं. तिला ज्याची भीती होती तेच इथं पांढऱ्यावर काळं करून ठेवलेलं. वाचवणारा मेला आणि वाचलेली फांदीवर बसून राहिली. हे वाचल्यावर ती आक्काला कधी हो म्हणणार होती? मी मनात सिस्टरांना नको ते बोललो. चौथं पान न वाचताच ड्रॉवरमध्ये कोंबलं, आणि शेवटच्या दहा ओळी खोडून माझ्या मनानं लिहिल्या. नावाडी जिवंत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक माणूस वाचवला होता आणि मला फार बरं वाटत होतं.

नंदानं प्रूफ वाचलं. लाल पेन एका जागी थांबलं.

"हे सिस्टरनी लिवल्यालं न्हाय," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"हा नावाडी पाण्यातनं वर येऊन 'घाबरू नकोस, मी जिवंत आहे' म्हणतोय. सिस्टरचा माणूस पाण्यातनं वर आला तर आधी खोकंल."

मी इकडे तिकडे बघितलं. शेजारचा म्हातारा मन लावून ऐकत होता. नंदा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काढलासा न्हवं त्याला बाहेर? मेला का तो?" मी मान हलवली. तिनं पेनाचं टोपण लावलं. "मला लहान पोरीगत फसवू नका. मरायचं का जगायचं ह्याचा विचार करतीय मी. निदान वाचायला तरी खरं द्या."

दोन दिवसांनी गुरुवार आला. सिस्टर आत यायच्या आधी मी दवाखान्याच्या दारातच त्यांना गाठलं आणि सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता चपलेनं मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "चौथं पान वाचलास?"

"नाही."

"मग ते आण."

मी गाडी काढून दुकानात गेलो, ड्रॉवरमधून ते चुरगळलेलं पान काढलं, मांडीवर घासून सरळ केलं आणि आणलं. नंदा म्हणाली, तुम्हीच वाचा. मी वॉर्डात उभा राहून मोठ्यानं वाचलं.

पाणी उतरलंय. मास्तरणीला लोकांनी एका देवळाच्या ओवरीत आणून बसवलंय. ती कोणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसली आहे. नावाड्याची बायको तिला शोधत येते. लोक वाट देतात, कुणाला वाटतं आता ही हिला शिव्या घालणार. बायको तिच्यामागे बसते आणि पदरानं तिचे केस पुसायला लागते. म्हणते, "माझ्याकडं बघ. त्यानं शेवटचं जे बघितलं, ते मला बघू दे." मास्तरीण वळत नाही. बायको थांबते. मग विचारते, "जेवलीस का?" भाग तिथं संपत होता.

मशीन तेवढं घरघरत होतं. सिस्टर नंदाच्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते मला त्यांच्याच शब्दांत आठवतं.

"माझे मिस्टर दवाखान्याची गाडी चालवायचे. हातकणंगल्याकडनं येताना ओढ्याला पाणी आलतं. शाळंची एक पोरगी वाहत चाललेली. ह्यांनी उडी टाकली. पोरगी निघाली, हे न्हाय निघाले. लगीन होऊन दोन वर्षं झालती आमचं. तिचे आईबाप मातीला आलते. तिला न्हाय आणली. पुढं ती मोठी झाली, बाजारात मला बघितलं की गल्ली बदलायची. लाजायची, भ्यायची, काय असंल ते. मी देवाशी लई भांडले. चर्चला जायाचं सोडलंतं. एक दिवस ती मला लांबनं दिसली. पोटुशी होती, कुणासंगं तरी हसत भाजी घेत होती. मी तिथंच पायरीवर बसले. म्हटलं, ह्यांचं वाया न्हाय गेलं. त्या दिवशी घरी येऊन परत गुडघं टेकलं."



"मला तिच्याकडनं काय पायजे होतं?" सिस्टर म्हणाल्या. "काय न्हाय. एकदा माझ्या घरी येऊन पोटभर जेवली असती तर बास होतं. ती आलीच न्हाय. हे गेले त्याचं दुःख देवानं सोसाय लावलं, मी सोसलं. पण तिनं तोंड लपवलं, ते अजून लागतंय बघ. म्हणून गोष्टीत मी बायकोलाच उठवून तिच्याकडं धाडलं."

मी मधेच तोंड घातलं. "पण सिस्टर, आक्काला काही झालं तर?"

"हुईल का न्हाय, मला ठाऊक न्हाय. डॉक्टर सांगत्यात भ्यायचं कारण न्हाय. पण द्यायचं हे आक्कानं ठरवलंय. ते हिनं कसं काय मोडायचं?" मग नंदाकडे वळून म्हणाल्या, "तू नुसतं घे. घ्यायला पण धीर लागतोय, मला ठाऊक हाय."

त्या दिवशी त्यांनी कुणाचेही ठोके मोजले नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा आत फोन लावल्याचा आवाज आला. "आक्का," नंदा म्हणाली, "कधी येतीस?" फोन स्पीकरवर नव्हता, तरी आक्काचा आवाज मला आरशापर्यंत ऐकू आला. "पिशवी भरूनच ठेवलीय की गं."

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर सकाळपासून आक्काच्या आणि नंदाच्या खोल्यांच्या मधल्या बाकड्यावर बसून होत्या. ओठ हलत होते. मी विचारलं, काय मागताय? म्हणाल्या, "मागत न्हाय. बोलतीय नुसती. तू तुझ्या जोतिबाला सांग, मी माझ्या येशूला सांगते. भांडायला आपण नंतर मोकळं हाय." तेवढ्या तणावात मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

संध्याकाळी आतली नर्स ओळखीची निघाली म्हणून सिस्टरांना दारापर्यंत जाऊ दिलं. बाहेर आल्या त्या लगबगीनं, आणि भर व्हरांड्यात मोठ्या आवाजात म्हणाल्या, "लघवी झाली." नवी किडनी चालू झाल्याची ती खूण. लघवीची बातमी ऐकून ढसाढसा रडलेला माणूस तुम्ही कधी बघितला नसेल. मी तो माणूस आहे.

आक्का दहा-बारा दिवसांनी जयसिंगपूरला गेली. महिन्याभरात परत आली, ती नंदाला बघायला. नंदानं स्वतः स्वयंपाक करायचा हट्ट धरला. सिस्टरांनाही बोलावलं होतं. नंदा जेवायला बसली आणि तिच्या एका बाजूला आक्का, एका बाजूला सिस्टर. दोघी आपलं ताट विसरून तिच्या घासाकडे बघत होत्या. नंदा लाजून म्हणाली, "असं बघू नका की, घास उतरंना झालाय." कुणी ऐकलं नाही.

मास्तरणीची गोष्ट पुढे सहा महिने चालली. माझ्या दहा ओळी अर्थातच कचऱ्यात गेल्या. सिस्टरांनी मला नवा नियम घातला होता. आधी सगळी पानं शेवटपर्यंत वाचायची, मगच बोटं चालवायची. मी तो पाळतो, अगदी जमिनीच्या नोटिसा टाईप करतानाही. एका पक्षकाराची चूक त्यामुळे कोर्टात जाता जाता सापडली. हे मी सिस्टरांना सांगितलं नाही, राहून गेलं. आभार पण नीट मानले नाहीत. त्यांच्यासमोर तसं काही बोलायला गेलो की त्या मनगटच धरायच्या.

या थंडीत सिस्टरांच्या छातीत कफ धरला. ज्या दवाखान्यात जन्मभर ड्युटी केली तिथंच त्यांना ठेवलं होतं. चार दिवसांत गेल्या. त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी सिस्टरांचाच भाग टाईप करत होतो.

नंदाला गर्दीत जायला आणि मातीत हात घालायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. नव्या किडनीसाठी ज्या गोळ्या चालतात, त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, साधं काही झालं तरी महागात पडतं. मी म्हटलं, तू घरीच थांब. तिनं मास्क लावला आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. आक्का पहिल्या एसटीनं जयसिंगपूरहून आली होती. आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी थांबलो. आत वसाहतीतली माणसं होती, दवाखान्यातल्या जुन्या नर्सा होत्या, डायलिसिसच्या वॉर्डातला तो म्हाताराही नातवाचा हात धरून आला होता. गाणं झालं, प्रार्थना झाली. मग एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकायला लागला.

नंदा फाटकाचा गज धरून उभी होती. मला भीती वाटली, ही आता ऐकायची नाही, आत जाणार. मी तिच्या दंडाला धरायला हात पुढे केला. ती जागची हलली नाही. मास्कच्या आतून तिनं आक्काला हाक मारली.

"आक्का, माझी पण तूच टाक."

आक्का आत गेली. ओणवी झाली. एक मूठ टाकली, जरा थांबली, आणि दुसऱ्या हातानं दुसरी टाकली. मागची माणसं थांबली होती.

परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना ओली लाल माती होती. नंदानं विचारलं, "पडली का नीट?"

"पडली," आक्का म्हणाली. आणि नंदाला माती लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून, तशीच तिच्या शेजारी उभी राहिली.